हजेरीत न आलेली गाळणी

स्टुडिओत तिला सगळे चूपताई म्हणायचे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी ती काचेपलीकडून एक बोट वर करून "चूप!" म्हणायची, आणि मग समोर कोणी का असेना, त्याचा आवाज जागच्या जागी थिजायचा. एकदा खुद्द मालकांना शिंक येत होती. ती त्यांनी अशी दाबली की चेहरा टोमॅटोसारखा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंक आली नाही. "माझ्याच स्टुडिओत मला शिंकायची चोरी," असं ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि सांगताना त्यांना अभिमानच वाटतो.

स्टुडिओ टायरच्या दुकानावर होता. जिना अरुंद आणि रबराच्या वासाचा. वर दोन खोल्या. एकीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि मधोमध माइक. दुसरीत चूपताई, तिचा कॉम्प्युटर आणि पाठीचा टेका मोडलेली तिची खुर्ची. इथे लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड व्हायच्या, बँकेच्या फोनवरचं "एक दाबा, दोन दाबा" व्हायचं, लहान मुलांच्या गोष्टी व्हायच्या. लिफ्टच्या कामात चूपताई बोलणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा कापून टाकायची. "दरवाजा उघडत आहे" एवढं म्हणायला लिफ्टला श्वास कशाला हवा? पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या श्वासाला कोणी हात लावायला गेलं, तर ती अंगावर जायची. "त्याचा जीव आहे तो. राहू दे तिथे."

तिचा आणखी एक हट्ट होता. कामाला बसलं की ती सगळं कच्चं ठेवायची. म्हणजे असं, की मूळ आवाज होता तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर जी साफसफाई करायची ती नुसती वरून लावून ठेवायची. उद्या वाटलं तर काढता यावी, बदलता यावी. बाकीचे लोक साफ केलेला आवाज पक्का करून मोकळे होत. चूपताई त्याला शिजवणं म्हणायची. "शिजवलेलं परत कच्चं करून दाखवा मला," असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. या हट्टापायी तिने किती जणांची डोकी खाल्ली असतील त्याची गणतीच नाही.

साफसफाईसाठी तिची सगळ्यांत लाडकी गोष्ट होती गाळणी. खरं म्हणजे ते एक प्लगइन होतं; मिक्सरला जसं वेगळं भांडं लावतो, तसा आवाजाच्या मोठ्या प्रोग्रामला जोडायचा एक लहानसा तुकडा. कुठल्याशा एकट्या माणसाने घरबसल्या तयार केला होता आणि नंतर दुकान गुंडाळून तो कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण गाळणीसारखं काम दुसरं काही करत नसे. पंख्याची घरघर, मोटरची गुणगुण ती नेमकी वेचून बाहेर काढायची आणि माणसाच्या आवाजातला खरखरीतपणा शाबूत ठेवायची.

आणि चूपताईच्या आईच्या आवाजात दुसरं होतं काय? नुसता खरखरीतपणा.

आई शाळेत खेळ शिकवायची; मुलं तिला बाई म्हणायची. उभा जन्म मैदानावर गेला, पण शिट्टी तिने कधी तोंडात धरली नाही. "शिट्टीला नाव घेता येत नाही," म्हणायची. "शिट्टी वाजली की सगळीच माना वळवतात. मला ज्याला बोलवायचंय त्यानेच वळलं पाहिजे." मैदानाच्या त्या टोकाला कुंपणावर चढलेल्या मुलाला ती या टोकावरून नावाने हाक मारायची, आणि ते पोरगं पिकल्या फळासारखं खाली पडायचं. ओरडून ओरडून घशाला कानस फिरवल्यासारखा आवाज झाला होता. पुढे त्या घशातच दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. त्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा. त्यावरून असं यंत्र तयार होईल की बाई टाइप करतील आणि यंत्र बाईंच्या आवाजात बोलेल.

आईला तेव्हा जिना चढवत नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग घरीच झालं. कपाटाची दारं उघडून, गोधड्या टांगून, कपड्यांच्या मधोमध आईला बसवलं होतं. खालच्या आईस्क्रीमच्या दुकानातला मोठा फ्रीझर मात्र अखंड घुमत होता, मधूनच खडखडत होता. तो दुकानदार आईचाच जुना विद्यार्थी, नेहमी उशिरा येणारा. चूपताई त्याला विनवायला गेली तर म्हणाला, "ताई, बाईंसाठी जीव देईन, पण फ्रीझर बंद करून आईस्क्रीमचं सूप विकू का?"

इस्पितळातून वाचायच्या वाक्यांचा कागद आला होता. "मला तहान लागली आहे. कृपया खिडकी उघडा."

आईने चष्मा कपाळावर ढकलला. "असं कोण बोलतं गं?"

"आई, वाच ना. सगळ्यांना हेच वाचायला लावतात."

"वाचते. पण मग माझंही घ्यायचं."

तिने इमानदारीत कागद वाचला, आणि मध्ये मध्ये आपली भर घातली. "अरे, कुठे उलथला होतास?" "भाजी चिरतेस का सूड उगवतेस?" "नाक ओढू नकोस, रुमाल आण." चूपताई कपाटाबाहेर तोंडात ओढणी कोंबून हसत होती, कारण हसू रेकॉर्ड झालं असतं. ओढणी चावता चावता तिला रडूही आलं, पण ते बिनआवाजाचं होतं.

ऑपरेशन झालं, जखम भरली. गळ्याशी पातळ रुमाल बांधून आई घरात वावरायला लागली. आपला आवाज तयार होईपर्यंत वापरायला म्हणून यंत्र मिळालं होतं, त्यात कंपनीचा तयार आवाज होता. गुळगुळीत, गोड. आईने एकदाच वापरला. खिडकीत उभं राहून खालच्या दुकानदाराला हाक मारली. यंत्र बोललं, आणि दुकानदाराने वर बघण्याऐवजी खिशातला फोन काढून बघितला. आईने यंत्र खणात टाकलं आणि खण गुडघ्याने बंद केला. पाटीवर लिहिलं, "लिफ्टमधली बाई नको." तेव्हापासून पाटी आणि टाळ्या. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे आत्ताच्या आत्ता ये.

चूपताई मोकळ्या वेळात आईची वाक्यं एकेक करून गाळत होती. जिथे फ्रीझर खडखडला तिथे गाळणी बारीक, जिथे नुसता घुमला तिथे जाड. काम होत आलं होतं. यंत्रवाल्या कंपनीत एक मुलगी होती, तिने शुक्रवारपर्यंत आवाज पाठवायला सांगितलं होतं. बनवायला घेतलेल्या आवाजांच्या या तुकडीत बसला तर बसला; पुढची तुकडी कधी निघेल, निघेल की नाही, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्याच्या सोमवारी मालकांनी नवं मशीन आणलं.

मालक म्हणजे वाईट माणूस नव्हे. चूपताईचं जुनं मशीन तापून पंख्यासारखं ओरडायला लागलं होतं, तीच तक्रार करायची. मालकांनी हौसेने नव्या प्रोसेसरचं घेतलं आणि जुनं दुकानात बदल्यात दिलं. त्या कॉम्प्युटरवाल्याने ते पुसून पुढे विकूनही टाकलं. चूपताईने त्याआधी सगळं उतरवून घेतलं होतं, कामं, प्लगइन, सगळं. तिने नवं मशीन लावलं, आईचं काम उघडलं, आणि पडद्यावर लाल रेघांची रांग लागली. गाळणी नाही. हे नाही. ते नाही.

तिने आवाज सुरू केला. फ्रीझर घुमला, आणि त्या घुमण्याच्या तळाशी कुठेतरी आई म्हणत होती, "मला तहान लागली आहे."

झालं होतं ते असं. जुनी प्लगइन जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली. नव्या प्रोसेसरचे आटेच वेगळे, जुनं भांडं बसेना. आणि चूपताईचा तो हट्ट! तिने शिजवून ठेवलं असतं तर साफ आवाज हातात असता. तिने सगळं कच्चं ठेवलं होतं, म्हणून आता हातात नुसतं कच्चं होतं.

"ताई, एवढं काय तोंड पाडलंय?" मालक म्हणाले. "नव्यात ते एक बटण आहे बघा. आपोआप साफ. लख्ख!"

"मला लख्ख नकोय."

"दाबून तर बघा."

तिने दाबलं. फ्रीझर गायब झाला. खरंच गायब. आणि त्याच्याबरोबर कानस गेली, श्वास गेला, 'ख' म्हणताना घसा जो ओढायचा ते ओढणं गेलं. उरली ती कोणी तरी बरी, सुशिक्षित, जरा झोपेतली बाई.

"छान आहे की," मालक म्हणाले.

"तुम्ही माझ्या आईला भेटलाय ना?"

"भेटलोय."

"मग डोळे मिटा आणि परत ऐका."

मालकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. "पण ताई, शुक्रवारपर्यंत द्यायचंय," ते हळू म्हणाले.

तिने तो लख्ख आवाज फोनवर घेतला आणि संध्याकाळी घरी आईला ऐकवला. आईने कान देऊन पुरतं ऐकलं आणि पाटी ओढली. "ही कोण?"

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. चूपताईचा हा भाऊ लांबच्या शहरात राहायचा आणि दर दोन दिवसांनी फोनवरून घर चालवायचा.

"ताई, तू ना, उगाच ताणतेस. आई बोलली म्हणजे झालं. कुठल्या का आवाजात बोलेना."

"तुझ्या मुलीला शाळेतून आणायला उद्या मी कुठली तरी बाई पाठवते. मुलगी घरी आली म्हणजे झालं ना? कोणी का आणेना."

"हे काय बोलणं झालं?"

"हेच बोलणं झालं."

"आणि तारीख गेली तर? आईने काय जन्मभर टाळ्या वाजवायच्या?"

फोन ठेवल्यावर चूपताई स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसत बसली. धाकटा चूक बोलत नव्हता. तीच जर हट्टाला पेटून चुकली, तर आईचा उरलासुरला आवाजही जाणार होता. दोनदा तिने मनात ठरवलं, की लख्ख तर लख्ख, पाठवून द्यावं. तेवढ्यात बाहेर टाळी वाजली. मग लगेच दोन. ती धावली. आईने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "उद्या मी येते स्टुडिओत."

"आई, जिना आहे तो."

आईने "मी येते"खाली रेघ मारली. मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी त्या रबराच्या वासाच्या जिन्यावर आई थांबत थांबत चढली. चूपताईने हात पुढे केला की ती तो झटकायची. टायरवाला खालून बघत राहिला. मालकांनी घाईघाईने आपली स्वतःची गादीची खुर्ची आणून दिली. आईने ती नाकारली, एक स्टूल ओढलं, पडद्यासमोर बसली आणि पाटी मांडीवर घेतली. पहारा सुरू झाला. आता कोणी ते लख्ख बटण दाबून दाखवावं.

सकाळभर चूपताईने नाना खटपटी केल्या. नव्या मशीनमध्ये जुन्या प्रोसेसरची भाषा समजावून सांगणारा एक दुभाष्या असतो, हे तिला इतर रेकॉर्डिंगवाल्यांशी बोलून कळलं होतं. मोठा प्रोग्राम त्या दुभाष्यामार्फत उघडायचा, म्हणजे जुनी प्लगइनही चालतात. तशी खूण करून तिने प्रोग्राम उघडला. लाल रेघा भराभर जायला लागल्या. हे आलं. ते आलं.

गाळणी आली नाही.

तिने प्लगइन पुन्हा बसवलं. आली नाही. मशीन बंद करून चालू केलं. आली नाही. मदतकेंद्राला फोन लावला तर तिथला गोड माणूस म्हणाला, "मॅडम, ते फार जुनं आहे, आता दुसरं काही वापरा."

"दुसरं काही वापरायचं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"मॅडम, मी समजू शकतो."

"नाही समजू शकत," ती म्हणाली आणि फोन आपटला.

मालक दारात घुटमळत होते. "ताई, दुपार झाली. एकदा तुमच्या आईंनाच विचारा—"

त्यांनी आईकडे बघितलं. आईने त्यांच्याकडे बघितलं. मालक चहा सांगायला खाली गेले.

चूपताईने पुन्हा एकदा प्रोग्राम उघडला. उघडताना तो दरवेळी सगळी प्लगइन तपासायचा, आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत एकेका प्लगइनचं नाव, पुढे पास की नापास, असं झरझर सरकायचं. ती पट्टी कोणी वाचत नाही. चूपताईने इतक्या वर्षांत कधी वाचली नव्हती. ती हाताने डोकं धरून बसली होती.

आईने टाळी वाजवली. मग दोन.

पाटीवर लिहिलं होतं, "परत उघड."

"आई, तेच तेच किती वेळा—"

दोन टाळ्या.

तिने बंद करून परत उघडलं. आई पुढे वाकली. चष्मा नाकावर, बोट हवेत, प्रत्येक नावागणिक बोट जरासं हलत होतं. वर्गाची हजेरी घेताना हलायचं तसंच. नावं संपली, प्रोग्राम उघडला. आईने लिहिलं, "तिचं नाव पुकारलंच नाही."

"कोणाचं?"

"गाळणीचं. इतर पास झाली, नापास झाली, पण पुकारली तरी. हिला बोलावलंच नाही. ओ कशी देईल?"

चूपताईने स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की चहा घेऊन आलेले मालक दचकले.

सोमवारी तिने पहिल्यांदा प्रोग्राम उघडला तेव्हा दुभाष्या नव्हता. गाळणी तपासताना प्रोग्राम अडखळला असणार, आणि त्याने गाळणीच्या नावापुढे शेरा मारून ठेवला, ही बिघडलेली. त्यानंतर दुभाष्या आला काय, ती नव्याने बसवली काय, प्रोग्राम तिला परत परीक्षेला बसूच देत नव्हता. जुना शेरा वाचायचा आणि पुढे जायचा.

तो शेरा कुठे ठेवलेला असतो ते शोधायला तिला बराच वेळ लागला. घराघरांत जशी कोणीच न उघडलेली एक बरणी असते तशी एक लपवलेली फाइल होती. तिने ती पुसली. बाकीची सगळी प्लगइन बाजूला काढून ठेवली, म्हणजे गर्दीत पुन्हा घोटाळा नको. एकटी गाळणी ठेवली. दुभाष्याला पुढे घातलं. प्रोग्राम उघडला.

पट्टीत नाव आलं. थांबलं. तिघांनीही श्वास धरला; चूप म्हणायची गरज पडली नाही.

नाव पुढे सरकलं. पास.

गाळणीची खिडकी उघडली तर अर्धी काळी पडलेली, नव्या पडद्यावर तिची बटणंही धड दिसत नव्हती. पण जुन्या सगळ्या खुणा तिला आठवत होत्या, कारण त्या कच्च्याच ठेवलेल्या होत्या. चूपताईने आवाज सुरू केला. फ्रीझर नव्हता. खोलीभर खरखर पसरली, घसा ओढून घेतलेला एक श्वास, आणि मग, "भाजी चिरतेस का सूड उगवतेस?"

मालकांना हसू फुटलं. आई हसली, आवाज नाही, खांदे फक्त हलले. चूपताईने ओढणी तोंडाशी नेली आणि मग आठवलं की आता रेकॉर्डिंग चालू नाही. तिने मोठ्याने नाक ओढलं.

आईने रुमाल पुढे केला.

मग चूपताईने जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. एकेक वाक्य गाळून पक्कं केलं. शिजवलं. कच्चं होतं ते तसंच जपून वेगळ्या ठिकाणी ठेवलं, पण शिजवलं. "काय हे ताई," मालक म्हणाले, "तत्त्व कुठे गेलं?" "तत्त्व माझं आहे," ती म्हणाली, "आवाज आईचा आहे." शुक्रवारच्या आत काम त्या मुलीकडे पोचलं. मुलीने कळवलं, की आवाज थोडा खरखरीत आहे, आम्ही जरा मऊ करू का? चूपताईने उत्तर पाठवलं, "केलात तर परत पाठवीन." मग मशीनच्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली: "अपडेट करू नये. करणाऱ्याचे हात कापले जातील." मालकांनी ती वाचली आणि म्हणाले, कधीतरी करावंच लागेल. "लागेल तेव्हा बघू," ती म्हणाली. "आज नाही."

यंत्रात आवाज बसून आला त्या दिवशी सुटी होती. धाकटा फोनच्या पडद्यावर होता, मुलगी त्याच्या मांडीवर. आईने यंत्र हातात घेतलं. चूपताई तिच्या मागे मागे.

"आई, थांब, वेग जास्त वाटतोय का बघू दे. आणि आवाज जरा कमी ठेव, पहिल्यांदा—"

आईने एक बोट वर केलं.

चूपताई गप्प झाली. आई टाइप करत खिडकीपाशी गेली. खाली फ्रीझर खडखडत होता, दुकानदार पाठमोरा बसून पेपर वाचत होता. आईने यंत्राचा आवाज शेवटपर्यंत चढवला, यंत्र खिडकीबाहेर धरलं आणि बटण दाबलं. रस्त्यावर कानस फिरली. त्याचं शाळेतलं नाव, पूर्ण, आडनावासकट. आणि मग, "कुठे उलथला होतास इतके दिवस? वर ये. आणि येताना तो डबा बंद करून ये, इथे माणसं बोलतायत."

दुकानदार ताडकन उभा राहिला. पेपर खाली पडला. मान वर करण्याआधीच त्याने शर्ट नीट आत खोचला.

"आलो, बाई!"